मरगाईचं वळण

निपाणीहून चिकोडीच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळानं उजव्या हाताला एक उघडा माळ येतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथं मेंढरं चरायची. आता तिथं शर्यतीच्या गाड्यांचा ट्रॅक आहे आणि मेंढरांना वळसा घालून जावं लागतं. त्या ट्रॅकवर मी एक अख्खा दिवस काढून आले. गाडी चालवून आले आणि दुसरी चालवत असताना शेजारी बसूनही आले. या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते मला तिथं कळलं. परत येऊन आठ दिवस झाले, अजून मी पुरती भानावर आलेली नाही.

आधीच सांगते, मी तिथं चांगल्या मनानं गेले नव्हते. बेळगावात टिळकवाडीला माझ्या वडलांचा, आप्पांचा, एका खोलीचा छापखाना आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि मनासाठी पत्रकं, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. विडी कामगारांची पत्रकं, भाषेची, हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. माझं नाव क्रांती, यावरून बाकीचं तुमच्या लक्षात येईल. त्यामुळं माळावर स्पोर्ट्स कार पळतात असं ऐकलं तेव्हाच माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता: 'बायका तंबाखूच्या धुळीत खोकतात, साहेब माळावर पेट्रोल जाळतात'. पुढं तीन उद्गारचिन्हं.

मग मी गेले कशाला? सुमनआक्कामुळं.

आक्का माझी चुलत बहीण, सांबऱ्याची. वय एकेचाळीस. बारा वर्षं ती टिळकवाडीतल्या शाळेच्या मुलांची स्वतःच्या व्हॅनमधून ने-आण करत होती. यंदा शाळेनं स्वतःच्या बसेस घेतल्या. व्हॅन दारात उभी राहिली तशी घरातली माणसं आक्काला शहाणपण सांगायला लागली. व्हॅन विक, शिवणयंत्र घे, घरात बसून ब्लाऊज शिव. आक्का ऐकून घ्यायची आणि रोज सकाळी रिकामी व्हॅन पुसायची. त्यात तिला कुणीतरी या ट्रॅकची जाहिरात दाखवली. पाहुण्यांना शेजारी बसवून वेगानं फिरवून आणायचं काम, त्यासाठी ड्रायव्हर पाहिजे. बायकांनीही अर्ज करावा असं त्यात लिहिलेलं. आक्कानं अर्ज केला आणि बोलावणं आलं. आसपासच्या लोकांसाठी ट्रॅक खुला ठेवायचा दिवस होता, त्याच दुपारी तिची परीक्षा. एकच अट होती: शेजारच्या सीटवर बसायला उमेदवारानं स्वतःचं माणूस आणावं, आणि त्या माणसाला अशा वेगाची सवय नसावी.

"भिणारं माणूस पायजे म्हनं," आक्का मला म्हणाली. "तुझ्याशिवाय कोन हाय मला?"

"मी भीत नाही."

"भाषण करायला भीत न्हाईस. व्हॅनमध्ये बसलीस की दांडी धरत्यास."

मी पत्रकासाठी माहिती गोळा होईल असं स्वतःला सांगितलं आणि हो म्हणाले.

हायवेवर

सकाळी सहाला ती सांबऱ्याहून व्हॅन घेऊन आली. नेहमीची साडी नव्हती. लेकीची जीन्स, वर ढगळ कुर्ता, पायात बूट. मी तिला पहिल्यांदाच अशी बघत होते आणि ते बघून कौतुक वाटण्याऐवजी मला हसू आलं, याची मला लाज वाटली. डॅशबोर्डवर भाकरीचं फडकं आणि कुंद्याचा डबा.

"कुंदा कुणाला?"

"सायबाला. बेळगावास्नं मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

"परीक्षा घेणाऱ्याला गोड नेणं म्हणजे लाच आहे, आक्का."

"पावशेर कुंद्याची लाच घेतोय तो सायब असला, तर मीच नको म्हनतो त्याची नोकरी." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, वाचकांनी दचकू नये.

संकेश्वर मागं पडलं. तवंदीच्या घाटात प्रत्येक वळणाआधी आक्का हॉर्न वाजवत होती, दोन छोटे आणि एक लांब. ट्रकवाले त्याच भाषेत उत्तर देत होते. दिवे, हॉर्न, हात, मान, यांचं मिळून एक बोलणं आमच्या रस्त्यांवर अखंड चाललेलं असतं. त्यात राहून आपल्याला ते ऐकू येत नाही. ते अचानक बंद झाल्यावर काय होतं ते मला अजून कळायचं होतं.

फाटकाच्या आत

पहिला धक्का शांततेचा. फाटकातून आत गेलो आणि रस्ता असा दिसला, की तो रस्ता आहे हे पटायला वेळ लागला. काळाभोर, एकसंध, कुठं ठिगळ नाही, शेण नाही, उसाची चिपाडं नाहीत, स्पीडब्रेकर नाही. दोन्ही कडांना लाल-पांढरे पट्टे. वळणांच्या बाहेर खडी पसरलेली, गाडी सुटली तर रुतून थांबावी म्हणून. आमच्या गावांना जोडणारे रस्ते मी डोळ्यांसमोर आणले आणि माझं डोकं तापलं. कुठंच न जाणारा, फिरून त्याच जागी येणारा रस्ता एवढा गुळगुळीत, आणि दवाखान्याला जाणारा तसला. हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं.

परीक्षा घेणारे सेल्वम सर कोइमतूरचे. पन्नाशीचा काटक माणूस, हिंदी तोडकं, त्यात इंग्रजी मिसळलेलं. त्यांचं बोलणं मी इथं मराठीत देते आहे. त्यांनी कुंदा घेतला, डबा उघडून तिथंच सगळ्यांमध्ये वाटून टाकला, स्वतः एक घास खाल्ला आणि बोटं पुसत म्हणाले, "फार चांगला आहे. याचे गुण मिळणार नाहीत."

आक्का माझ्याकडं बघून हसली.

मग एक कागद सही करायला दिला. आपण मेलो तर कुणाचीही जबाबदारी नाही असा त्याचा मथितार्थ. मी सगळा वाचला, दोन कलमांवर वाद घातला, सही केली. हेल्मेट घालताना आक्काच्या अंबाड्याची अडचण झाली. शेवटी वेणी घालून कुर्त्यात खोचावी लागली. त्यानंतर ती गाडीत बसली आणि स्टिअरिंगच्या मध्यावर अंगठा दाबून बघायला लागली.

"सर, हॉर्न बिघडलाय."

"बिघडलेला नाही. काढून टाकलाय."

आक्कानं एवढा घाबरा चेहरा केलेला मी बघितला नव्हता. "हॉर्न न्हाय? मग वळायचं कसं?"

"समोरून कुणी येत नाही," सर म्हणाले. "सगळे एकाच दिशेनं जातात."

आक्कानं तरी अंगठा आणखी एकदा दाबून बघितला.

माझ्या तीन फेऱ्या

खुल्या दिवशी लायसन्स असलेल्या कुणालाही तीन फेऱ्या मिळत होत्या. रांगेत कोल्हापूरचे एक दातांचे डॉक्टर होते, निपाणीतल्या तंबाखूच्या पेढीवरचे दोन भाऊ होते, कागलचे एक मास्तर होते. मी रांगेत उभी राहिले, केवळ माहितीसाठी.

गाडी पिवळी, माझ्या कमरेएवढी उंच. आत बसताना आपण खुर्चीत नाही, जमिनीवर बसतो आहोत असं वाटतं. इंजिन पाठीमागं. ते सुरू झालं तेव्हा आवाज कानांना आला नाही, मणक्याला आला. सेल्वम सर शेजारी बसले. "सरळ रस्ता आला की पूर्ण दाबा," ते म्हणाले. मी वडलांची जुनी गाडी चालवते. तिच्यात पूर्ण दाबलं तर ती थोडी कण्हते आणि मग निघते. मी त्याच हिशेबानं पाय दाबला.

माझं डोकं मागं आपटलं. माळ माझ्या दोन्ही बाजूंनी पाठीमागं फेकला गेला. काट्यानं शंभर ओलांडले, मग एकशेवीस, एकशेचाळीस. मी ओरडले का नाही ते मला आठवत नाही. पुढं वळण आलं आणि सर शांतपणे म्हणाले, "आता ब्रेक. जोरात. अजून जोरात. घाबरू नका, गाडी थांबायला शिकलेली आहे." मी थांबवली, वळवली, आणि गाडी अशी वळली जणू कुणी तिला हाताला धरून नेलं.

दुसऱ्या फेरीत मी हसत होते. मी, क्रांती, पेट्रोल जाळत, एकटीच मोठ्यानं हसत होते. यापेक्षा मोठा धक्का त्या सकाळपर्यंत मला कुणी दिला नव्हता. मला वाटायचं की अशा गाड्यांमध्ये बसणाऱ्यांना श्रीमंती मिरवायची असते. मिरवायला वेळच मिळत नाही. आपण कोण, कुणाच्या बाजूचे, काय लिहिलं, काय लिहायचं राहिलं, सगळं पाठीमागं पडतं. फक्त पुढचं वळण. हे मी इथं लिहिते आहे, कारण न लिहिणं खोटेपणा ठरेल. रस्त्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

तिसऱ्या फेरीत सर एका जागी म्हणाले, "इथं हळू. सातवं वळण." उतारावरून सरळ येऊन डावीकडं वळायचं होतं. समोर कुंपणाच्या पलीकडं एक कडुलिंबाचं झाड, त्याखाली चुन्यानं रंगवलेलं छोटं देऊळ, हिरवं कापड.

"या वळणानं माझी झोप उडवली आहे," सर म्हणाले. "अवघड नाही. चेन्नईचा पोरगा, पुण्याची बाई, कुणी सुटत नाही. पण इथली माणसं आली की इथंच सुटतात. चांगली चालवणारीसुद्धा. दोन वेळा डांबर उखडून नवीन केलं."

मी उतारावर दोष ठेवला, ठेकेदारावर ठेवला. सर मान हलवत राहिले.

जेवण

कॅन्टीनमध्ये पास्ता होता. आक्कानं तो काट्यानं उचलून उजेडाकडं धरून बघितला आणि फडकं सोडलं. जोंधळ्याची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं भरीत. वासानं मल्लाप्पा आले. मल्लाप्पा शेजारच्या गावचे, साठीचे. सातव्या वळणावर हातात झेंडा घेऊन उभं राहायचं त्यांचं काम. गाडी सुटली की पिवळा झेंडा हलवायचा. त्यांचं रान ट्रॅकला लागूनच. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

"अक्कार, परीक्षा तुमचीच काय?" त्यांनी भाकरी घेत विचारलं. "भिऊ नका. मी बैलं पळवलेला माणूस. गाडीला लोक बघत्यात, पळवणाऱ्यानं रान बघायचं."

"तुमच्या शर्यतीत लोक ओरडायचे. इथं सगळे गप्प," मी म्हटलं.

"हौदु, व्हय. तेच वाईट. बैलाला आवाज लागतो. ह्या गाडीला आवाज नको, पैसा नको, वैरण नको, काय कळंना हिला काय पायजे." मग चटणी बोटानं पुसत आक्काला म्हणाले, "मालकांनी नोकरी दिली तर रोज भाकरी आणणार न्हवं?"

"पयलं पास तर हू दे की, मामा."

ती भाकरीचा एकच तुकडा घोळवत बसली होती. मला पहिल्यांदा कळलं की ती घाबरलेली आहे.

आक्काची पाळी

परीक्षा अशी होती. पाच फेऱ्या. ठरलेल्या वेळेच्या आत. शेजारचं माणूस खाली उतरल्यावर सरळ उभं राहिलं पाहिजे. आणि गाडी ट्रॅक सोडून खडीत गेली की तिथंच संपलं. परत बोलावणं नाही. सकाळी दोन उमेदवार असेच घरी गेले होते.

मी पट्टा बांधला. पहिल्या फेरीत माझे डोळे अर्धा वेळ मिटलेले होते. शेजारी बसणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं: वेग तोच, पण आपल्या हातात काही नाही. आक्का मात्र बदलून गेली होती. हनुवटी वर, खांदे सैल. बारा वर्षं शिंकणारी, भांडणारी, ओकणारी पोरं मागं बसवून ती गाडी अशी चालवायला शिकलेली होती की कुणाची वॉटरबॅग सांडू नये, आणि आता त्याच हातांनी ती एकशेचाळीसवर वळत होती. मला धक्के बसत नव्हते. मी डोळे उघडले.

दुसरी फेरी. उतार. समोर लिंबाचं झाड. मला आतून वाटलं, ही यात पास होणार.

आणि तेवढ्यात आक्कानं उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला, छातीला लावला, हेल्मेटच्या काचेला लावला.

एवढंच. पापणी लवावी एवढा वेळ. पण त्याच क्षणी वळण सुरू झालं होतं आणि एक हात पुरला नाही. गाडीचं ढुंगण सुटलं, जग माझ्याभोवती एकदा पुरतं फिरलं, खडी पत्र्यावर पावसासारखी वाजली आणि आम्ही धुळीत थांबलो. मल्लाप्पांचा पिवळा झेंडा हलत होता.

कुणाला काही लागलं नव्हतं. आक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. "गेलं," ती म्हणाली. अगदी हळू.

जीप आली. सेल्वम सर उतरले, वाकून माझ्या खिडकीतून आत बघून त्यांनी विचारलं, "काय झालं? तुम्ही बघितलं. गाडीनं काही केलं का?"

गाडीत दोष निघाला असता तर फेरी धरली जाणार नव्हती. हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "हो. ब्रेकला गाडी ओढली एका बाजूला."

ज्या घरात छापताना एक काना चुकला तर आप्पा अख्खा गठ्ठा रद्द करत, त्या घरातली मी, इतक्या सहज, इतक्या स्वच्छ आवाजात खोटं बोलले. विचार केलाच नाही. माझ्या तोंडून ते वाक्य निघालेलं मीच बाहेरून ऐकलं. सरांनी वळून मेकॅनिकला हाक मारली. सकाळपासून राबणारा माणूस, हाताला कोपरापर्यंत काळं. तो पळत आला आणि त्याचा चेहरा उतरला, कारण ब्रेक त्यानं तपासून दिले होते.

आक्कानं हेल्मेट काढलं.

"खोटं बोलतीया ती," ती म्हणाली. "गाडी चांगली हाय. त्याला काय बोलू नका. मी हात सोडला."

"का?"

आक्कानं कुंपणापलीकडच्या देवळाकडं बोट दाखवलं. "मरगाई हाय न्हवं."

सरांना कळलं नाही. मला सांगावं लागलं. आमच्याकडं गाडी चालवणारा माणूस रस्त्यात देऊळ आलं की हात उचलतो. बसवाला करतो, ट्रकवाला करतो, ऊस ओढणारा ट्रॅक्टरवाला करतो. छातीला, कपाळाला, पुन्हा चाकावर. विचारलं तर त्याला आठवतही नाही की केलं. मी यावर लिहिलेलं आहे, चांगलं खरमरीत. हात चाकावर ठेवा, देव जागेवरच आहे, असं काहीतरी. ते इथं सांगायची ती वेळ नव्हती.

टीव्हीसमोर

सर सगळ्यांना घेऊन खोलीत गेले आणि टीव्ही लावला. प्रत्येक गाडीत छोटा कॅमेरा असतो, चालवणाऱ्याकडं तोंड केलेला. त्यांनी सकाळचे दातांचे डॉक्टर लावले. सातवं वळण आलं. डॉक्टरांचा उजवा हात वर गेला. तंबाखूच्या पेढीवरचा थोरला भाऊ. हात वर. धाकटा भाऊ. हात वर. मागच्या महिन्यातले कुणी पाहुणे, हात वर. कागलच्या मास्तरांनी तर मानही वाकवली होती. सकाळचे ते दोन उमेदवार, एकामागोमाग एक. त्यातला एक मुसलमान होता. तोही करत होता, त्याच्या घरून लिंबाला नारळ येतो असं मल्लाप्पा म्हणाले.

"मला वाटायचं हेल्मेट सारखं करतायत," सर पुटपुटले. "मी पाय बघत होतो. पाय आणि डांबर."

ते खुर्चीत बसले. दोन वेळा उखडलेल्या डांबराचा विचार करत असावेत. मग मल्लाप्पांकडं वळले. "तुला माहीत होतं?"

"काय माहीत?" मल्लाप्पा म्हणाले. "सगळीच करत्यात. मी झेंडा हलवून झाला की करतो. आंबुलन्सवाला येताना करतो आणि जाताना करतो. ह्यात सांगण्यासारखं काय होतं, सर?"

"कुंपणाला पडदा बांधतो. उंच, हिरवा. दिसणारच नाही."

"बांधा की," मल्लाप्पा म्हणाले. "मग लोक पडद्याला करतील."

मला हसू आवरलं नाही, पण आक्का हसली नाही. ती उभी राहिली. "सर, मला परत बसवा."

"नियम आहे, सुमन."

"तुमचा नियम चालवता येत न्हाय त्येच्यासाठी हाय. मला येतंय. कुठं चुकतंय ते मीच दावलं तुम्हास्नी."

सरांनी टीव्हीवरच्या थांबलेल्या चित्राकडं बघितलं. त्यात सकाळच्या उमेदवाराचा हात अर्धा वर होता. "आणि हात परत उचलला तर?"

"उचलणारच," आक्का म्हणाली. "खोटं कशाला बोलू. बारा वर्षं उचललाय, माझा हात मला इचारत न्हाय. पन शेजारच्यानं नमस्कार केला तर चालतंय. स्कूटरवर मागं बसलेलं करतंय का न्हाय? ते चालवणाऱ्याला पोचतंय. मग हात गप बसतोय."

एवढं बोलून ती माझ्याकडं वळली. सगळे वळले.

"नाही," मी म्हणाले.

"क्रांते."

"आक्का, मी मानत नाही. मी लिहिलंय यावर. माझ्या नावानं छापलंय."

"मघाशी खोटं बोललीस ते कुठं छापलंवतंस?"

मी वही उघडली आणि मिटली.

"मान असं कोन म्हनतंय तुला?" ती जवळ आली. आवाज एकदम खाली आणला. "माझी गाडी हाय, माझा देव हाय, माझी नोकरी हाय. तुझा फकस्त हात पायजे. घरी गेल्यावर शिवणमशीन घिऊन बसायचं व्हय मी?"

पाच फेऱ्या

सरांनी पाचही फेऱ्या नव्यानं दिल्या. ऊन कलायला लागलं होतं. मी पट्टा बांधला.

पहिली फेरी. उतार लागला, झाड दिसलं. माझा हात मांडीवर दगडासारखा पडलेला. मी सरळ समोर बघत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला आक्काच्या उजव्या हाताची बोटं दिसत होती. ती चाकावर आवळलेली होती. मग अंगठा सुटला. मग पहिलं बोट सुटलं. ती जाणूनबुजून करत नव्हती, तिचे डोळे वळणावर होते. हात आपला आपण निघाला होता.

मी माझा हात उचलला. छातीला लावला, काचेला लावला. तिला दिसेल असा, जरा मोठाच.

तिची बोटं परत मिटली. गाडी वळली. खडी आमच्या बाजूनं निघून गेली आणि गेलीच.

दुसऱ्या फेरीत मी झाड दिसायच्या आधी तयार होते. तिसऱ्यात आक्का म्हणाली, "जरा बेतानं कर गं, कुस्ती न्हाय ती." चौथ्यात मी श्वास घेतला. पाचव्या फेरीत काय झालं ते सांगायला मला जड जातं. वळण संपून सरळ रस्ता लागला तेव्हा मला एकदम भीती वाटली की या खेपेला मी विसरले, आणि मी आक्काला विचारलं, "केला का मी?"

"केलास की," ती म्हणाली.

मला आठवत नव्हतं.

खाली उतरून मी सरळ उभी राहिले. सरांनी घड्याळ बघितलं, कागदावर लिहिलं, मग खोलीत जाऊन कॅमेरा तपासला. आम्ही दारात उभ्या. "दोन्ही हात चाकावर, पाचही वेळा," ते आतून म्हणाले. "आणि शेजारी ही काय करते आहे?"

"कामं वाटून घेतलीत, सर," आक्का म्हणाली.

सर बाहेर आले आणि त्यांनी तिला सोमवारपासून यायला सांगितलं. आक्कानं मान हलवली, फक्त एकदा, आणि पाठ करून कॅन्टीनच्या नळावर तोंड धुवायला गेली. खूप वेळ धूत राहिली. मल्लाप्पांनी तिच्यासाठी टॉवेल धरून ठेवला होता.

आम्ही निघायच्या बेतात असताना सरांनी मला थांबवलं. इथं सूचनांची पाटी आहे, ते म्हणाले: हेल्मेट, पट्टा, मोबाईल बंद. तिच्यात अजून एक ओळ पाहिजे, मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड मल्लाप्पा सांगतील. तुम्ही लिहिणाऱ्या आहात असं सुमन म्हणाली; लोकांना पटेल असं लिहा.

मी कॅन्टीनच्या टेबलावर बसले. मला कधी एका ओळीला इतका वेळ लागला नव्हता. चार कागद फाडले. एकात उपदेश झाला, एकात टोमणा. मग लिहिलं: 'सातव्या वळणावर नमस्कार शेजारच्यानं करावा. तो दोघांचा धरला जातो. चालवणाऱ्यानं हात चाकावर ठेवावेत.'

मल्लाप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि बरोबर आहे म्हणाले. आक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, ओल्या तोंडानं.

"खाली लिही की," ती म्हणाली. "मरगाईच्या कृपेनं."

तेवढं मी लिहिलं नाही.